गुरू सिंहेत, मांडव कोणत्या काठावर?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

३१ ऑक्टोबर २०२६ रोजी गुरू कर्क रास सोडून सिंहेत जातो. त्याच दिवशी रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाचा, म्हणजे गुरू सिंहेत असतानाच्या कुंभमेळ्याचा, ध्वज चढणार आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या एकाच गुरुपालटाबद्दल आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. तारखा चित्रापक्षीय निरयन पंचांगाप्रमाणे आहेत.

प्रश्न : आम्ही पंचवटीत राहतो. मुलीचे लग्न डिसेंबर २०२६ मध्ये करायचे मनात होते. गुरुजी म्हणतात, एकदा सिंहस्थ लागला की ध्वज उतरेपर्यंत, म्हणजे जुलै २०२८ पर्यंत मुहूर्त नाही. व्याही सिन्नरचे. ते म्हणतात, आमच्याकडे सिंहस्थ धरतच नाहीत. आम्ही कुणाचे ऐकायचे?
(पंचवटी, नाशिक)

डिसेंबरपुरते गुरुजींचे ऐका. जुलै २०२८ पर्यंत थांबायची मात्र गरज नाही. व्याह्यांचे म्हणणेही खरे आहे, फक्त ते डिसेंबर २०२६ ला लागू पडत नाही.

ध्वज सलग फडकणार असला तरी गुरू सिंहेत सलग राहणार नाही, हे आधी लक्षात घ्या. तो तीन वेळा सिंहेत येतो. पहिला मुक्काम ३१ ऑक्टोबर २०२६ पासून जानेवारी २०२७ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. मग वक्री, म्हणजे उलट्या दिसणाऱ्या गतीने तो कर्केत परत जातो. दुसरा मुक्काम जून २०२७ च्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबर २०२७ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर तीन महिने तो कन्येत असतो. तिसरा मुक्काम फेब्रुवारी २०२८ च्या अखेरीपासून २४ जुलै २०२८ पर्यंत, आणि त्याच दिवशी ध्वज उतरतो. म्हणजे ध्वजाच्या सुमारे २१ महिन्यांपैकी आठ महिने गुरू सिंहेत नाहीच. या आठ महिन्यांत सिंहस्थ म्हणून लग्न अडवायला शास्त्राचा आधार नाही.

आता दोषाचा नियम. मुहूर्तग्रंथ सिंहस्थाचे दोन भाग करतात. मघा नक्षत्राचे चार चरण (चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग) आणि पूर्वा फाल्गुनीचा पहिला चरण, म्हणजे सिंहेचे ० अंश ते १६ अंश ४० कला, यांना ‘मघादिपंचपाद’ म्हणतात. गुरू इथे असताना विवाह सर्व देशांत वर्ज्य. पुढच्या चार चरणांत दोष उरतो तो फक्त गंगा आणि गोदावरी यांच्या मधल्या प्रदेशात. त्यालाही एक अपवाद आहे : सूर्य मेषेत असेल तर त्या प्रदेशातही दोष मानत नाहीत.

इथे नाशिककरांचा एक हमखास गोंधळ होतो. आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो. नियमातली गंगा मात्र भागीरथी आहे. गोदावरीच्या उत्तरेपासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतचा मुलूख त्यात येतो. पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, दिंडोरी, चांदवड, मालेगाव हे सगळे या मुलखात बसते. जुने नाशिक, गंगापूर रोड, सिडको, नाशिकरोड, देवळाली, सिन्नर हे दक्षिण तीर. तुमच्या घरी पूजेला बसल्यावर संकल्पात ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’ म्हणतात आणि पूल ओलांडला की ‘दक्षिणे तीरे’ म्हणतात. तोच हा फरक.

डिसेंबर २०२६ चे बघू. पहिल्या मुक्कामात गुरू डिसेंबरच्या मध्यावर स्तंभी होतो, म्हणजे वक्री होण्याआधी थबकतो, तेव्हा त्याने तीन अंशही ओलांडलेले नसतात. तो संपूर्ण मुक्काम मघाच्या पहिल्या चरणात जातो. ‘सर्वत्र वर्ज्य’ ते हेच चरण, म्हणून डिसेंबर सिन्नरलाही चालत नाही. तुळशीची लग्ने लागल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मंगल कार्यालय धरून ठेवणारी मंडळी इथेच चुकतात. आगाऊ रक्कम भरून झालेली असते आणि पत्रिका छापायच्या वेळी कुणीतरी सिंहस्थ काढतो.

तुमच्यासाठी सरळ मार्ग २०२७ च्या वसंत-ग्रीष्माचा. जानेवारीअखेर गुरू कर्केत, आपल्या उच्च राशीत परततो. वक्री होऊन मागच्या राशीत आलेल्या गुरूचे पहिले २८ दिवस काही घराण्यांत सोडतात. तुमच्याकडे ही रीत असेल तर फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उलटू द्या. एप्रिलच्या मध्यावर गुरू मार्गी होतो, म्हणजे पुन्हा सरळ चालू लागतो. त्यानंतरचे वैशाख-ज्येष्ठातले मुहूर्त सर्वांत निर्धोक. वधू आणि वर दोघेही आपापल्या घरी जेठे असतील तर ज्येष्ठ महिना टाळायचा, हे जुने पथ्य विसरू नका.

ते साधले नाही तर पुढे काय? जून ते सप्टेंबर २०२७ चा मध्य पुन्हा मघादिपंचपाद. त्यात चातुर्मास, आणि ऑगस्टच्या मध्यापासून साधारण महिनाभर गुरूचा अस्तही. ते दिवस सोडूनच द्यावेत. सप्टेंबरच्या मध्यानंतर गुरू पूर्वा फाल्गुनीच्या दुसऱ्या चरणात जातो आणि काठाचा प्रश्न सुरू होतो. नोव्हेंबरमध्ये प्रबोधिनी एकादशीनंतर जे थोडे दिवस मिळतात त्यांत दक्षिण तीरावर लग्न लागू शकते, पंचवटीत नाही. डिसेंबर २०२७ ते फेब्रुवारी २०२८ गुरू कन्येत, म्हणजे दोन्ही काठ मोकळे. तिसऱ्या मुक्कामात तो वक्री होऊन सुमारे २३ अंशांपर्यंतच मागे येतो, मघादिपंचपादात शिरत नाही. म्हणजे तेव्हाही दक्षिण तीराला मुभा आणि उत्तर तीराला फक्त मेषेचा सूर्य, १४ एप्रिल ते १४ मे २०२८.

लग्न कुठल्या गावचे धरायचे, वधूच्या घरचे की कार्यालयाचे? देश म्हणजे जिथे संकल्प सोडतात आणि अंतरपाट धरतात ते ठिकाण. पंचवटीतल्या मुलीचे लग्न गंगापूर रोडच्या कार्यालयात लागले तर दक्षिण तीर धरावे. ही पळवाट नव्हे, संकल्पातल्या देशोच्चाराचा अर्थच तो आहे. शुक्राचा अस्त आणि मुलीचे गुरुबळ, म्हणजे तिच्या राशीपासून गुरू कितवा आहे ते, मात्र या सगळ्याहून वेगळे पाहावे लागते. गुरू सिंहेत असताना मेष, कर्क, तूळ, धनू आणि कुंभ राशीच्या मुलींना गुरुबळ आहे. मिथुन, सिंह, वृश्चिक, मीन यांना गुरू पूज्य, म्हणजे पूजन-दान करून चालतो. वृषभ, कन्या, मकर यांना चौथा, बारावा, आठवा येतो, म्हणून तिथे शांती सांगतात.

प्रश्न : मोबाइलमधल्या ॲपमध्ये गुरू ३० जून २०२६ लाच सिंहेत गेल्याचे दाखवतात. माझ्या माहेरी रत्नागिरीला टिळक पंचांग आहे, त्यात तिसरीच तारीख. ग्रह एक आणि तारखा तीन कशा?
(मुंबई नाका, नाशिक)

ग्रह एकच आहे, आकाशातली जागाही एकच आहे. रास कुठून मोजायला सुरुवात करायची, यात फरक आहे.

पाश्चात्य पद्धतीत मेषारंभ वसंतसंपातापासून धरतात. ती सायन रास. आपण स्थिर तारकांपासून मोजतो, ती निरयन. दोन्हींतले अंतर म्हणजे अयनांश, आणि चित्रापक्षाने ते सध्या २४ अंश १३ कलांच्या आसपास आहे. सायन सिंहेत शिरलेल्या गुरूला आणखी २४ अंश चालायचे असतात, त्याला चार महिने लागतात. म्हणून ३० जून आणि ३१ ऑक्टोबर. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘निरयन’ आणि ‘लाहिरी’ किंवा ‘चित्रापक्ष’ निवडले की तारीख जुळेल.

टिळक पंचांगाचा अयनांश चित्रापक्षापेक्षा साधारण चार अंशांनी कमी आहे. तुमच्या माहेरी मकर संक्रांत १४ ऐवजी १० जानेवारीला करतात, ते याच कारणाने. अयनांश कमी म्हणून राशिप्रवेश लवकर. सूर्य रोज एक अंश चालतो, त्यामुळे त्याचा फरक चार दिवसांचा. गुरू ऑक्टोबरमध्ये रोज जेमतेम १० कला चालतो, म्हणून त्याच चार अंशांना तीन आठवड्यांच्यावर लागतात. माहेरचे चूक आणि सासरचे बरोबर असे काही नाही. एका घरात मात्र एकच पंचांग धरा. पत्रिका लाहिरीची आणि गुरुपालट टिळकांचा, अशी सरमिसळ केली की अष्टकवर्गापासून दशेपर्यंत सगळेच घसरते.

याच पत्रात विचारले आहे की, प्रवेशाच्या वेळेतून नाशिकसाठी ३५ मिनिटे वजा करायची का. नाही. नाशिकचे रेखांश ७३ अंश ४७ कला, प्रमाणवेळेचे ८२ अंश ३० कला. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे धरून हा फरक ३५ मिनिटांचा होतो, हे खरे. तो जन्मलग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढताना लागतो. गुरूचा राशिप्रवेश हा आकाशातला एकच क्षण आहे, नाशिकला आणि नागपूरला घड्याळात तो एकाच वेळी होतो. घरातल्या वयस्कांची पत्रिका नव्याने मांडत असाल तर एक जरूर बघा : १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळे एक तास पुढे होती. तो तास वजा न केल्याने चुकीचे जन्मलग्न धरलेल्या पत्रिका आजही पेट्यांत सापडतात.

प्रश्न : जन्म १९९७, रास कुंभ, जन्मलग्न मिथुन. अंबडच्या कारखान्यात नोकरी. सगळीकडे वाचतो की कुंभेला सातवा गुरू म्हणजे उत्तम, बढती, लग्न, सगळे होणार. पण साडेसाती चालू आहे. नक्की काय धरायचे? नोकरी बदलायचा विचार आहे.
(सिडको, नाशिक)

वर्तमानपत्रातले राशिभविष्य चंद्रराशीवरून गुरूचे स्थान मोजते आणि तिथेच थांबते. गोचराच्या, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणाच्या, खऱ्या हिशेबात त्यापुढे चार गोष्टी येतात. तुमच्या पत्रिकेवर त्या दाखवतो, म्हणजे इतरांनाही आपली पत्रिका ताडून पाहता येईल.

पहिली गोष्ट वेध. गुरूची शुभ स्थाने पाच : दुसरे, पाचवे, सातवे, नववे, अकरावे. प्रत्येक स्थानाला एक वेधस्थान आहे, अनुक्रमे बारावे, चौथे, तिसरे, दहावे आणि आठवे. गुरू शुभ स्थानी असताना वेधस्थानी दुसरा ग्रह आला तर गुरूचे फळ अडते. तुम्हाला गुरू सातवा, वेधस्थान तिसरे, म्हणजे मेष. पहिल्या मुक्कामात मेषेत कुणी मंदगती ग्रह नाही, वाट मोकळी. पण जून २०२७ च्या सुरुवातीला शनी मेषेत जातो आणि ऑक्टोबर २०२७ मध्ये वक्री होऊन मीनेत परततो. म्हणजे गुरूचा दुसरा मुक्काम, जो सर्वांत लांब आणि भविष्यकारांच्या मते सर्वांत जोरकस, तो तुमच्या बाबतीत बराचसा शनीच्या वेधात आहे. शनी तिसरा येणे स्वतः चांगले, साडेसाती तिथे तात्पुरती सुटते, पण गुरूचे फळ तो अडवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये वेध सुटतो तेव्हा साडेसातीचे शेपूट परत आलेले असते.

दुसरी गोष्ट अष्टकवर्ग, म्हणजे ग्रहाला प्रत्येक राशीत मिळणाऱ्या शुभ बिंदूंचे कोष्टक. पत्रिका करून देणाऱ्याकडून गुरूचे भिन्नाष्टकवर्ग मागून घ्या आणि सिंह राशीच्या घरात किती बिंदू आहेत ते पाहा. जास्तीत जास्त आठ असतात. चार मध्यम, पाच-सहा चांगले, तीनच्या खाली असतील तर सातवा गुरूही फार देत नाही. शेजारी समुदायाष्टकवर्ग असतो, त्यात बारा राशींची बेरीज ३३७ येते. बेरीज ३३७ नसेल तर कोष्टक चुकले आहे, पुढे वाचू नका. सिंहेत २८ किंवा जास्त असतील तर राशीचा पाया मजबूत.

तिसरी गोष्ट कक्षा, आणि या गुरुपालटात ती फारच महत्त्वाची आहे. प्रत्येक राशीचे आठ समान भाग करतात, प्रत्येकी ३ अंश ४५ कला. त्यांचे स्वामी क्रमाने शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र आणि जन्मलग्न. ज्या स्वामीने त्या राशीत बिंदू दिला असेल त्याच्या कक्षेतून जाताना ग्रह फळ देतो, नाही तर तो भाग कोरडा जातो. पहिल्या मुक्कामात गुरू तीन अंशांच्या आतच फिरतो. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर आणि जवळजवळ पूर्ण जानेवारी तो शनीच्या एकाच कक्षेत आहे. एरवी कक्षा अडीच-तीन आठवड्यांत ओलांडली जाते, इथे बारा आठवडे लागतात.

शनी आपल्या स्थानापासून तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि बाराव्या राशीत गुरूला बिंदू देतो. सिंहेसाठी उलटे मोजले तर जन्मशनी मिथुन, मेष, मीन किंवा कन्या राशीत असला पाहिजे. १९९७ साली शनी वर्षभर मीनेत होता. म्हणजे तुमच्या पत्रिकेत हा बिंदू आहे, आणि नोव्हेंबर २०२६ ते जानेवारी २०२७ हा काळ तुमच्यासाठी बोलका आहे. तुमच्याच कुंभ राशीचा पण मकरेत शनी असलेला मोठा भाऊ असेल तर त्याला हेच तीन महिने रिकामे वाटतील. एकाच राशीच्या दोघांना एकच भविष्य का लागू पडत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे मिळते.

चौथी गोष्ट जन्मलग्न आणि दशा. मिथुन लग्नाला गुरू सप्तमेश आणि दशमेश, म्हणजे सातव्या आणि दहाव्या स्थानांचा स्वामी, तो लग्नापासून तिसऱ्यात येतो. तिथून सप्तम, नवम आणि लाभस्थानावर त्याची दृष्टी. तिसरे स्थान अर्ज, मुलाखत, बोलणी, जवळचे प्रवास यांचे. आयते काही घरी येणे हा तिसऱ्या गुरूचा स्वभाव नाही, हालचाल तुम्ही करायची. महादशा-अंतर्दशेचा स्वामी गुरूशी संबंधित नसेल तर यातले बरेचसे चर्चेच्या पातळीवरच राहते. दशा तुम्ही कळवलेली नाही, ती जरूर पाहून घ्या.

कालक्रम असा लावता येईल. अर्ज आणि मुलाखती नोव्हेंबर-डिसेंबर २०२६ मध्ये. जानेवारीअखेर गुरू तुमच्या राशीपासून पुन्हा सहाव्यात, कर्केत जातो, तेव्हा ठरलेले बोलणे लांबणीवर पडण्याची शक्यता मोठी. म्हणून हातात नेमणूकपत्र येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. ज्योतिष वेळेचा कल सांगते, पगाराची हमी देत नाही.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. सिंहस्थात एक तरी स्नान घडावे अशी तिची इच्छा. अमृतस्नानाच्या दिवशीच न्यावे का? त्या काळात गुरूचा अस्त आहे म्हणतात, मग स्नानाचे पुण्य लागते का?
(इंदिरानगर, नाशिक)

सिंहस्थस्नानाचा काळ म्हणजे गुरू सिंहेत असतानाचा कोणताही दिवस. अमृतस्नान हा आखाड्यांच्या स्नानाचा क्रम आहे. त्या दिवशी रामकुंडावर निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर या वैष्णव अनींचे, म्हणजे आखाडासमूहांचे, साधू, त्र्यंबकला कुशावर्तावर शैव आखाडे आधी स्नान करतात, आणि कुंड त्यांच्यासाठी तासन्‌तास बंद असते. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. ७८ वर्षांच्या माणसाला त्या गर्दीत नेण्याने पुण्य वाढत नाही. आईला साध्या वारी, पहाटेऐवजी उन्हे आल्यावर न्या. रामकुंडच हवे असा आग्रह नसेल तर तपोवनात कपिला-गोदावरी संगमाकडे किंवा दसकच्या घाटावर जागा जास्त मिळते, गोदावरी तीच.

अमृतस्नानाचे दिवस माहीत असावेत ते टाळण्यासाठी सुद्धा : २ ऑगस्ट २०२७, ३१ ऑगस्ट २०२७, आणि तिसरे नाशिकला ११ सप्टेंबर, त्र्यंबकला १२ सप्टेंबर. २ ऑगस्टला सोमवती अमावास्या, आपली दिव्याची अवस, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जातो. पश्चिम भारतात दुपारनंतर ते खंडग्रास दिसेल. सूर्यग्रहणाचा वेध चार प्रहर आधी, म्हणजे पहाटेच्या सुमारास लागतो. वृद्ध आणि आजारी यांना वेध शिथिल आहे. आईची औषधे आणि खाणे चुकवू नका. ग्रहण उघड्या डोळ्यांनी कुणीच पाहायचे नाही.

अस्ताविषयी. सूर्याच्या फार जवळ गेलेला ग्रह दिसेनासा होतो, तो अस्त. गुरू २०२७ च्या ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अस्तंगत आहे, आणि सूर्याशी त्याची युती होते ती जवळजवळ ३१ ऑगस्टलाच. त्या अमावास्येला चंद्रही तिथेच. रवी, चंद्र आणि गुरू तिघे सिंहेत, हीच तर सिंहस्थातल्या सर्वश्रेष्ठ पर्वाची व्याख्या. रवी-गुरू एवढे जवळ आले की अस्त आलाच. अस्तात वर्ज्य असतात ती विवाह, मुंज, देवप्रतिष्ठा, व्रताचे उद्यापन अशी कर्मे. पर्वकाळाचे स्नान, दान आणि तीर्थश्राद्ध ही नैमित्तिक कर्मे आहेत, त्यांना अस्ताची बाधा नाही.

एक बारकी पण नेहमी होणारी चूक. संकल्पात ‘सिंहराशिस्थिते देवगुरौ’ असा उच्चार येतो. फेब्रुवारी ते जून २०२७ मध्ये घाटावर ध्वज असेल, गर्दीही असेल, पण गुरू कर्केत आहे. तेव्हा ‘कर्कराशिस्थिते’ म्हणायचे. डिसेंबर २०२७ ते फेब्रुवारी २०२८ ‘कन्याराशिस्थिते’. गुरू कन्येत गेला की वाई आणि नृसिंहवाडीला कृष्णेचा कन्यागत पर्वकाळ लागतो, तिकडे जायचे असेल तर तोही योग साधता येईल. आईला सिंहस्थच हवा असेल तर आमच्या मते नोव्हेंबर २०२६ ची कोरडी हवा किंवा मार्च २०२८ ची सकाळ सर्वांत बरी. जुलै-सप्टेंबरात पाऊस असतो, गंगापूर धरणातून पाणी सोडले की रामकुंडाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायांपर्यंत आले असेल तर त्या दिवशी वृद्धांना पाण्यात उतरवू नका. तांब्याने घेतलेले पाणी डोक्यावर घालून केलेले स्नानही स्नानच. पाण्यात साबण नाही, निर्माल्य नाही, ओले कपडे पायरीवर पिळायचे नाहीत.

प्रश्न : दर १२ वर्षांनी सिंहस्थ म्हणतात, पण २०१५ नंतर २०२६ लाच कसा?
(देवळाली)

गुरूची सूर्याभोवतीची फेरी १२ नव्हे, ११.८६ वर्षांची आहे. प्रत्येक फेरीत दीड-पावणेदोन महिने वाचतात आणि सात फेऱ्यांत ते एका वर्षाएवढे होतात. त्यामुळे अधूनमधून सिंहस्थ अकराव्या वर्षी येतो. १९८० नंतरचा १९९१ मध्ये आला तो याच कारणाने. २०१५ मध्ये गुरू जुलैत सिंहेत गेला होता. या वेळी तो ऑक्टोबरअखेर टेकतो आणि परत फिरतो, पण श्रावण-भाद्रपदातले सिंहेचे सूर्य-गुरू २०२७ मध्येच भेटतात. म्हणून ध्वज २०२६ चा आणि मुख्य स्नाने २०२७ ची.

प्रश्न : मला मकर राशीमुळे आठवा गुरू येतो. कुणी पुष्कराज घालायला सांगतात, कुणी त्र्यंबकला कालसर्प करायला. खर्च दोन्हीकडे मोठा आहे. जन्मलग्नही मकरच.
(सातपूर, नाशिक)

दोन्हींची गरज दिसत नाही.

कालसर्पाचा संबंध जन्मपत्रिकेतल्या राहू-केतूंच्या मध्ये सगळे ग्रह येण्याशी आहे. गुरूच्या गोचराने तो लागतही नाही आणि सुटतही नाही. नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी, त्रिपिंडी एक दिवसाचा, दोन्ही पितृकर्माशी संबंधित. गुरुपालटावर उपाय म्हणून यांपैकी काही सांगितले गेले तर ‘कोणत्या दोषासाठी’ हे कागदावर लिहून मागा.

पुष्कराजाबाबत : मकर लग्नाला गुरू तृतीयेश आणि व्ययेश, म्हणजे तिसऱ्या आणि बाराव्या स्थानांचा स्वामी. आठव्यातून जाणाऱ्या व्ययेशाचे बळ रत्नाने वाढवणे उफराटे होईल. वृषभ आणि तूळ लग्नाच्या वाचकांनीही रत्नाआधी हाच विचार करावा, त्यांना गुरू अनुक्रमे अष्टमेश आणि षष्ठेश आहे. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी खडा कोंदणात बसवण्याआधी पाण्यातले वजन करून घ्यावे. हवेत १ ग्रॅम, म्हणजे ५ कॅरेट भरणारा खरा पुष्कराज पाण्यात ०.७५ ग्रॅम भरतो, पाव ग्रॅम घट. टोपाज असेल तर घट ०.२८ च्या पुढे, पिवळा स्फटिक म्हणजे सुनेला असेल तर ०.३८ च्या आसपास. बाजारात सुनेला आणि टोपाज पुष्कराज म्हणून सर्रास खपवतात. या परीक्षेत खडा तापवलेला आहे का, भेगांत काच भरली आहे का हे कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखलाच हवा. साधा वजनकाटाही चालत नाही, कॅरेटमधले वजन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा काटा लागतो.

आठव्या गुरूसाठी परंपरेने सांगितलेले उपाय स्वस्त आहेत. गुरूचा जप १९,००० संख्येचा. रोज ५ माळा, १०८ मण्यांच्या, केल्या तर ३६ व्या दिवशी पूर्ण होतो. गुरुवारी सुरू करा, मध्ये खंड पडला तर राहिलेली संख्या पुढे जोडून घ्या, पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. हवन करायचे असेल तर समिधा पिंपळाच्या, वाळलेल्या आणि आपोआप गळालेल्या. जिवंत झाडाची फांदी तोडून आणू नये. दानाला हरभऱ्याची डाळ, हळद, साखर, पिवळे वस्त्र आणि दक्षिणा. डाळ सव्वा किलो असली तरी पुरे, पण ती ज्याच्या घरी शिजेल अशाला द्या. घाटावर पुड्या वाहत्या पाण्यात सोडू नका. आठवा गुरू पोट, यकृत आणि वजन यांकडे लक्ष द्यायला सांगतो. वर्षातून एकदा करायची रक्ततपासणी याच वर्षी टाळू नका, आणि कुणाला जामीन राहण्याची सही दुसऱ्या मुक्कामात, जून ते नोव्हेंबर २०२७ मध्ये, करू नका.